‘फायदे’ हा शब्द खोड

कोल्हापूर,
माघ संपत आलाय.

पोरी, आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. ‘गुळवेलीच्या आरोग्यदायी फायद्यांचा शास्त्रीय अभ्यास’ असं ठसठशीत शीर्षक दिलंयस. त्यातला ‘फायदे’ हा शब्द आधी खोड. फायदे आहेत हे अगोदरच ठरलं असेल, तर वर्षभर काचेची भांडी विसळत कशाला बसायचं? ‘परिणाम’ लिही. परिणाम चांगला निघेल, वाईट निघेल, नाहीतर काहीच निघणार नाही. काहीच न निघण्याची शक्यता मोठी असते, आणि तसं निघालं तर तसंच छापायची तयारी असेल तरच या कामाला हात घाल.

आजीबद्दल लिहिलंयस ते दोनदा वाचलं. पन्हाळ्याच्या पायथ्याला तुमचं परडं, लिंबावर चढलेली वेल, गल्लीत कुणालाही ताप आला की चुलीवर चढणारा काढा. आजी खोटं सांगत नाही. पण साधा ताप तीन-चार दिवसांत आपला आपण उतरतो, आणि काढा प्यायलेल्याचा तसाच उतरला की श्रेय काढ्याला जातं. कुणाचा काढ्यानं उतरला आणि कुणाचा तसाच उतरला असता, हे वेगळं करायची सोय आजीकडे नव्हती. तुझ्याकडे आहे. आजीला खरं ठरवून दाखवायचं काम मात्र तुझं नाही.

आता वेलीकडे येऊ, कारण आराखड्यात मला सगळ्यांत जास्त तिथंच खटकलं. ‘नमुना बाजारातून घेतला जाईल’, एवढ्या एका ओळीत तू तो विषय संपवलायस.

तुझ्या वयाचा असताना मी एका पोत्यावर आठ महिने घालवले. काष्ठौषधींच्या एका दुकानातून सुकलेल्या काड्या आणल्या. त्यानं गुळवेल म्हणून दिल्या, मी गुळवेल म्हणून घेतल्या. कुटल्या, गाळल्या, आटवल्या, आकडे काढले, आलेख रंगवले. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आलेखांकडे बघितलंसुद्धा नाही. ‘नमुना कुठाय?’ एवढंच विचारलं. पान नाही, फूल नाही, फांदी नाही. पोत्यात गुळवेल असेलही. पण ‘असेलही’वर प्रबंध उभा राहत नाही. चूक दुकानदाराची नव्हती, माझी होती.

तुझ्या हातात येणारी वेल टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाच, म्हणजे खरी गुळवेलच आहे, हे तुला स्वतःला ओळखता आलं पाहिजे. पान हृदयाकृती आणि बिनकेसाळ असतं. जून खोडावरची साल कागदासारखी सुटते, आडवा छेद चाकाच्या आऱ्यांसारखा दिसतो, आणि वरून दोऱ्यासारखी हवाई मुळं लोंबतात. तिच्या एका बहिणीचं, टिनोस्पोरा सायनेन्सिसचं, पान मऊ केसाळ असतं. दुसरी टिनोस्पोरा क्रिस्पा, तिच्या खोडावर चामखिळीसारखे दाट उंचवटे असतात. वाळवून तुकडे केल्यावर या तिघी ओळखायच्या म्हणजे माझ्यासारख्यालाही चष्मा पुसायला लागतो. शिवाय नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. उन्हाळ्याच्या तोंडाला पानं झडली की बारीक पिवळसर फुलं येतात, तेव्हाच ते कळतं. कुठल्या झाडावर चढली होती, कुठल्या महिन्यात कापली, खोड किती जाड होतं, हे सगळं वहीत उतरव. दाबून वाळवलेला नमुना विद्यापीठाच्या वनस्पतिसंग्रहात दे, त्याचा क्रमांक घे आणि तो क्रमांक प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात टाक.

हे सगळं कीस काढल्यासारखं वाटत असेल. मग करोनाचे दिवस आठव. तू तेव्हा शाळेत असशील. आमच्या गल्लीतल्या लिंबावरची वेल लोकांनी बुंध्यापर्यंत ओरबाडून नेली होती. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेली इजा प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली की वनस्पतीची ओळखच पटवलेली नाही, ती क्रिस्पाही असू शकेल. पुढच्या वर्षी देशभरातल्या रुग्णालयांतून अशा 43 रुग्णांचा अभ्यास आला. त्यांच्यात गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मध्यक काळ (रुग्ण क्रमानं लावले तर मधोमध येणारा) 46 दिवसांचा होता. बऱ्याच जणांच्यात, शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटते तसलं चित्र होतं. मला यात नवल वाटलं नाही. ‘प्रतिकारशक्ती चेतवते’ ही जाहिरात खरी धरली, तर जिची प्रतिकारशक्ती आधीच बिथरलेली आहे त्या बाईला ती चेतवून काय मिळणार? तुझ्या आराखड्यात ‘दुष्परिणाम नाहीत’ असं वाक्य आहे. तेही खोड.

आता पुढची गोष्ट, आणि ती वाचून मला हसू आलं. प्रस्तावनेत आजीचा काढा आहे, आणि पद्धतीच्या पानावर मिथेनॉलमधला, म्हणजे प्रयोगशाळेतल्या विषारी अल्कोहोलमधला अर्क. आजी मिथेनॉल पीत नव्हती! पाण्यात उकळून जे उतरतं आणि मिथेनॉलमध्ये जे उतरतं त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुळवेल-सत्त्व तर तिसरीच गोष्ट. काड्या ठेचून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, कुस्करून गाळायचं, तळाला पांढरा साका बसला की वाळवायचा. हे सत्त्व बहुतांशी स्टार्च असतं. तुला यातलं काय तपासायचंय ते ठरव. काढा तपासायचा असेल तर आजीसमोर बस आणि बघ: ओली काडी की वाळलेली, किती घेते, किती पाणी घालते, कशाच्या भांड्यात, किती आटेपर्यंत. तिला ‘मूठभर’ म्हणू दे. तू तिच्या मुठीतलं वजन करून घे, तेही पाच वेळा, कारण मूठ रोज तेवढीच भरत नाही.

डीपीपीएच या जांभळ्या रसायनाची, अँटिऑक्सिडंट गुण मोजायची चाचणी कर, करू नको म्हणत नाही. जांभळा रंग फिका पडला की सगळ्या वर्गाला आनंद होतो. पण शेजारच्या नळीत कोपऱ्यावरच्या टपरीतला चहाही टाकून बघ. तोही झकास पास होईल. त्यावरून ‘कर्करोगावर गुणकारी’पर्यंत उडी मारलीस तर मी तो प्रबंध वाचणार नाही.

माणसांवरचं काम कसं दिसतं ते बघायचं असेल तर मुंबईच्या केईएम रुग्णालयाकडे बघ. डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या 30 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीचे उपचार दोन्ही गटांना, गुळवेल एकाच गटाला. शस्त्रक्रियेनंतर गुळवेलीच्या गटात सुमारे 92 टक्के जगले, दुसऱ्यात 40. आकडा डोळे दिपवणारा आहे, म्हणूनच त्याच्यामागे माणसं किती हे आधी बघायचं. तीस. एवढ्यावरून आशा धरता येते, दवाखान्याचा नियम करता येत नाही. पण तुलनेला दुसरा गट होता, आणि गुळवेल कशासाठी दिली ते स्पष्ट होतं. ‘सर्व रोगांवर’ असं त्यात कुठंही नव्हतं.

तुझ्या पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात आहे की होस्टेलच्या दहा मैत्रिणींना महिनाभर काढा देऊन बघणार आहेस. अजिबात नाही. माणसांवर प्रयोग करायचा तर नैतिकता समितीची परवानगी लागते, भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत आधी नोंद लागते, आणि कुणाला कावीळ झाली तर जबाबदारी घेणारा डॉक्टर लागतो. त्यात गुळवेल कडू. खोटा काढा म्हणून तू काय देणार? साधं पाणी दिलंस तर पहिल्या घोटाला प्रत्येकीला कळेल आपण कुठल्या गटात आहोत ते. कडू म्हणून काडेचिराईत दिलंस तर त्याचे स्वतःचे गुण मध्ये येणार. कॅप्सूल भरलीस तर तो काढा राहिला नाही. या कोड्यावर दोन दिवस डोकं चालव. उत्तर सापडलं नाही तरी प्रबंधात त्यावर एक चांगलं पान होईल.

आणि आजीचं नाव ऋणनिर्देशात ‘ग्रामीण माहितीस्रोत’ म्हणून घालू नकोस. तिला आधी विचार, हे लिहू का, कुणी उद्या यातून औषध विकलं तर तुझं काय म्हणणं आहे. केरळच्या काणी आदिवासींनी दाखवलेल्या आरोग्यपच्चा नावाच्या वनस्पतीपासून ‘जीवनी’ हे औषध झालं, तेव्हा मिळकतीतला वाटा त्यांच्याकडे परत गेला. आपल्याकडे 2002 पासून जैवविविधतेचा कायदा आहे आणि गावपातळीवर समितीची तरतूदही आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत ती कागदावर तरी आहे का, चौकशी कर.

गुळवेलीचं एक जुनं संस्कृत नाव आहे, छिन्नरुहा. कापली तरी पुन्हा फुटणारी. आमच्या लिंबावरची वेल करोनात बुंध्यापर्यंत गेली म्हणालो ना, ती आता परत दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत आलीय. शिमगा झाला की पहिल्या रविवारी सकाळी ये. कात्री, जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी आणि पेन्सिल आण. पेन नको, रद्दी दमट झाली की शाई पसरते. फुलं आली असतील तर नर की मादी ते तूच मला सांगायचंस.

तुझे,
सर