प्रवासात असताना खानापूरच्या घरातील संगणक कसा वापरावा?

महिनाभर पुण्यात राहून खानापूरच्या घरातील विंडोज होम संगणक वापरता येईल का, असे आपण विचारले आहे. त्या आवृत्तीत बाहेरून येणारी रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून संगणक चालवण्याची, जोडणी स्वीकारण्याची सोय नसल्यामुळे क्रोम रिमोट डेस्कटॉप हा विनामूल्य पर्याय घ्यावा. त्यास किमान 6 अंकी पिन लागतो आणि राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे दार, उघडावे लागत नाही. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचे 3389 हे पोर्ट इंटरनेटला थेट उघडे ठेवणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे होय. खरी अडचण विजेची. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती गेली की संगणक बंद पडतो, म्हणून वीज परतताच तो आपोआप सुरू होईल अशी सेटिंग बायोसमध्ये (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीत) करावी, स्लीप बंद ठेवावे आणि राउटरला लहान यूपीएस जोडावा. निघण्यापूर्वी मोबाइल डेटावरून एकदा जोडून पाहावे.