शुगर वाढली, मंडळी पांगली, गावातून विरोध... सेवा सोडू का?

प्रश्न : प्रभूच्या नावात सलाम. मी अंबड तालुक्यात एका खेड्यात बऱ्याच वर्षांपासून पाळक म्हणून सेवा करतो. मंडळी लहानच, त्यातले निम्मे लोकं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातेत, ख्रिसमसला चर्चमध्ये म्हातारे अन् लेकरंच राहतेत. मला शुगर आहे, पायाला मुंग्या येतेत, गाडीवर फिरणं होईना. मंडळीतले एक वडील, म्हणजे मंडळीचे पुढारी, म्हणायलेत की पाळकाचाच विश्वास कमी पडला म्हणून आजार जाईना, त्यामुळं मी गोळ्या बंद केल्या. त्यात गावातली काही पोरं येऊन सांगून गेली की घरोघरी प्रार्थना घ्यायच्या नाहीत. घरातून म्हणतेत बस झालं, लेकाकडं शहरात चला. सेवा सोडली तर मी देवापुढं अविश्वासू ठरेन का?
– एक पाळक, जालना जिल्हा

उत्तर : सलाम पास्टर भाऊ. बाकी सगळं नंतर, आधी डॉक्टरला भेटा आणि गोळ्या चालू करा, आजच. मुंग्या येणाऱ्या पायाकडे दुर्लक्ष झालं तर जखम झालेली कळत पण नाही आणि पाय गमवायची वेळ येते. त्या वडिलांना बायबलमधलं २ तीमथ्य ४:२० दाखवा, प्रेषित पौल सरळ लिहितो की त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. ज्याच्या हातून कितीतरी लोक बरे झाले त्या पौलाचा स्वतःचा सोबती आजारीच मागे राहिला, आणि त्याच्या विश्वासाबद्दल पौल एक अक्षर वाईट बोलत नाही. आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, तर त्याच्या पोटासाठी थोडा द्राक्षारस घे असं सांगतो, म्हणजे उपायच सांगतो ना. दुखणाऱ्या माणसाला विश्वास कमी म्हणणं फार क्रूर आहे, मला ते ऐकवतच नाही.

आता सोडायचं का. एलीया संदेष्टा आठवा, कर्मेल डोंगरावर एवढं मोठं काम झालं आणि लगेच रानात झुडपाखाली बसून म्हणतो, प्रभू आता पुरे, माझा प्राण घे. देव त्याला रागावला नाही, आधी झोपू दिलं, भाकर-पाणी दिलं, परत झोपू दिलं. मग सांगितलं की तू एकटा नाहीस, देवाला धरून राहिलेले सात हजार आहेत, आणि जोडीला अलीशा हा शिष्य दिला. म्हणून म्हणतो, एवढे थकलेले असताना निर्णय घेऊ नका, दोन महिने बाहेरगावच्या सभा कमी करा, मंडळीतल्या एखाद्या तरुणाला आणि एखाद्या ताईंना वचन सांगायला उभं करा, मग विचार करा. तब्येतीमुळे तेव्हाही जावं लागलं तर तो अविश्वासूपणा नाही, पण मंडळी कुणाच्या तरी हाती सोपवून जा, न सांगता निघून जाऊ नका. १ करिंथ ४:२ कारभाऱ्याकडून विश्वासूपणा मागतं, तिथे माणसं किती जमली याचा हिशोब नाही. ख्रिसमसच्या रिकाम्या चटया बघून तुम्ही स्वतःला मार्क देऊ नका, लोक उपासमारीने जातात, तुमच्या प्रवचनाने नाही.

विरोधाचं म्हणाल तर तुमच्याच जालन्याचं उदाहरण आहे. ब्राह्मण घरातल्या नारायण शेषाद्रींनी १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, धाकटा भाऊ श्रीपत त्यांच्यामागे मिशनऱ्यांकडे आला म्हणून प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टाने पोराला बापाच्या हवाली केलं. घर तुटलं, जात तुटली, तरी तो माणूस पुढे जालन्याला आला, बेथेल गाव वसवलं आणि १८९१ मध्ये मरेपर्यंत सेवेत राहिला. हे तुम्हाला लाजवायला नाही सांगत, तुमच्याच मातीत हे आधी घडलंय म्हणून सांगतोय.

त्या पोरांशी वाद घालू नका आणि एकट्याने भेटू पण नका. सरपंच आणि गावातले दोन जाणते माणसं घेऊन बोला, त्यांना प्रार्थनेला येऊन बसा म्हणा. संविधानाचं कलम २५ सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून आपला धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क देतं, पण सध्याचे नियम वकिलाकडून समजून घ्याच. कुणाला पैशाचं, नोकरीचं किंवा बरं होण्याचं आमिष दाखवल्यासारखं एक वाक्यही तोंडातून जाऊ देऊ नका. परत धमकी आली तर पोलीस स्टेशनला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि बिशप ऑफिसला किंवा तुमच्या संस्थेला त्याच दिवशी कळवा. १ पेत्र ३:१५ उत्तर द्यायला तयार राहा म्हणतं, पण सौम्यतेने.

आणि घरच्यांवर चिडू नका हो, पाळकाच्या बायकोची भीती कुणी विचारत नाही, त्यांना शांतपणे बसवून ऐका.

राहिली ऊसतोडीची गोष्ट, मला वाटतं तुमची खरी सेवा तिथेच आहे. टोळ्या निघायच्या आधी कोण कुठल्या कारखान्यावर जाणार याची यादी करा, मुकादमाचा नंबर घ्या, सातारा, सांगली, कोल्हापूर जिथे जातील तिथल्या जवळच्या चर्चच्या पाळकाला फोन करून ठेवा की आमची माणसं येतायत, तुम्ही रविवारी फडावर जाऊन एक प्रार्थना घ्या, लेकरांकडे लक्ष द्या. ह्याला गाडीवर फिरावं लागत नाही, फोन पुरतो.