जुन्या प्रीमियर पद्मिनीत टॅपेटचा आवाज येतो आणि गाडी मिसिंग करते. इंजिनाचे बोअरिंग करावे लागेल का?

तुमची पद्मिनी दोन वर्षे उभी होती. आता ती चालू केल्यावर टॅपेट कव्हराखालून टिक-टिक असा आवाज येतो, सिग्नलला उभी असताना इंजिन लंगडते आणि सकाळी पहिल्यांदा चालू करताना थोडा निळसर धूर निघतो, असे तुम्ही लिहिले आहे. गॅरेजमध्ये इंजिन उतरवून बोअरिंग, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून मोठे, करण्याचा सल्ला मिळाला आहे. माझे मत असे, की एवढ्या लक्षणांवरून तो निर्णय घेऊ नये. ही तिन्ही लक्षणे केवळ व्हॉल्व्हच्या यंत्रणेतूनही उद्भवू शकतात, आणि तसे आहे की नाही हे हेड (ब्लॉकवरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) न उतरवता एका सकाळी तपासता येते.

आमच्या घरची पद्मिनी मी अनेक वर्षे स्वतः सांभाळत आलो आहे, त्यामुळे एका गोष्टीबद्दल आधीच सावध करतो. टॅपेटचा आवाज बंद करणे फार सोपे आहे. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधली फट कमी केली की आवाज जातो. आमच्या गाडीचे एका कारागिराने नेमके हेच केले होते. इंजिन शिवणयंत्रासारखे शांत झाले, आम्हीही समाधानाने पैसे दिले, आणि काही महिन्यांतच एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळलेला वायू बाहेर सोडणारा) कडेला जळून तुटला. तापलेल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधली बहुतांश उष्णता, तो सीटवर, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीच्या कड्यावर, घट्ट बसलेला असतानाच, सीटमार्गे हेडमध्ये उतरते. फट शून्य झाली की तो पूर्ण बसत नाही, जळता वायू कडेने निसटत राहतो आणि ती कड वितळू लागते. म्हणून किंचित आवाज करणारा टॅपेट मला अजिबात आवाज न करणाऱ्या टॅपेटपेक्षा कमी धोक्याचा वाटतो.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेले हे 1089 सीसीचे इंजिन मुळात फियाट 1100 चे आहे. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, तिला फिरवणारी टायमिंग चेन पुढे, आणि कॅमपासून टॅपेट, पुशरॉड, रॉकर या क्रमाने हालचाल वर व्हॉल्व्हपर्यंत जाते. ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे आहे. रचना इतकी उघडी आणि सरळ आहे, की घरच्या हत्यारांनीही बरेच निदान होते.

सुरुवात आवाजापासून न करता कॉम्प्रेशनपासून, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणाऱ्या दाबापासून, करा. इंजिन गरम करून चारही प्लग काढा, इग्निशन कॉइलची जोडणी सोडवा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून लिहून ठेवा. नेमक्या आकड्यापेक्षा चार आकड्यांमधला फरक महत्त्वाचा आहे. जो सिलिंडर कमी दाखवेल त्यात प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चांगला वर चढला तर दोष पिस्टनच्या रिंगांकडे किंवा बोअरकडे (सिलिंडरच्या आतल्या भिंतीकडे) आहे. जवळपास तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदमच कमी असतील तर पहिला संशय त्यांच्यामधल्या गॅस्केटवर घ्यावा. बोअरिंगचा प्रश्न या चाचणीनंतरच यायला हवा होता.

कॉम्प्रेसर उपलब्ध असेल तर त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या छिद्रातून हवा सोडा आणि ऐका. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट. हवा सोडताना गाडी गिअरमध्ये नसावी आणि हात पंख्यापासून दूर असावेत, कारण दाबाने इंजिन झटकन फिरू शकते.

आता आवाज. प्रत्येक व्हॉल्व्ह क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो, म्हणून इंजिन मिनिटाला 800 फेऱ्या घेत असेल तर एका टॅपेटचे टिक-टिक सेकंदाला साधारण सहा-सात वेळा येईल. कव्हर काढून, इंजिन अगदी हळू चालत असताना, एकेका रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये फिलर गेजचे पातळ पाते सरकवा; ज्या ठिकाणी आवाज थांबेल तो दोषी. कुठेच थांबला नाही तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गॅस्केट पाहा, कारण तिथून निसटणारा वायू हुबेहूब टॅपेटसारखा वाजतो. या एका चुकीपायी लोकांनी विनाकारण रॉकर बदललेले मी पाहिले आहेत.

फट बसवताना इंजिन पूर्ण थंड असावे आणि आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला घ्यावा. फायरिंग ऑर्डर 1-3-4-2 असल्यामुळे 1 आणि 4 ही एक जोडी, 2 आणि 3 ही दुसरी. चौथ्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलत असतील, म्हणजे एक मिटत आणि दुसरा उघडत असेल, तेव्हा पहिल्याची फट मोजावी. पहिल्याचे हलत असतील तेव्हा चौथ्याची. दुसऱ्या आणि तिसऱ्याचेही तसेच. लॉकनट आवळल्यावर पुन्हा एकदा मोजा, कारण आवळताना स्क्रू थोडा फिरतोच. इथे एक जुना फसवा प्रकार असतो: रॉकरच्या टोकाला झिजून खळगा पडला असेल तर सपाट पाते त्या खळग्यावरून पुलासारखे जाते, माप बरोबर येते, पण खरी फट त्याहून जास्त असते आणि आवाज राहतोच. अशा वेळी फट आणखी कमी करू नका. रॉकर नीट घासून घ्यावा किंवा बदलावा, आणि शाफ्टची ऑइलची छिद्रे गाळाने बुजली आहेत का तेही पाहावे.

सर्वांत जास्त उपयोग मला एका साध्या वहीचा झाला. आठही फटी बसवण्यापूर्वी किती होत्या हे दर वेळी लिहून ठेवा. फट वाढत जात असेल तर कॅम, टॅपेट किंवा रॉकर झिजत आहे. एक्झॉस्टची फट दर काही हजार किलोमीटरला कमी होत असेल तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल रुतत आहे, आणि ही गोष्ट कानाला कधीच कळत नाही. जुन्या पेट्रोलमधले शिसे सीटचे रक्षण करत असे. देशभर शिसेयुक्त पेट्रोल 1 फेब्रुवारी 2000 पासून बंद झाले, त्यामुळे मऊ सीट असलेल्या हेडमध्ये, विशेषतः हायवेवर सतत वेगात चालवल्यास, हा दोष दिसू शकतो. त्यावर कायमचा उपाय म्हणजे चांगल्या मशीन शॉपमधून कठीण धातूच्या एक्झॉस्ट सीट बसवून घेणे.

तुमची गाडी दोन वर्षे उभी होती, म्हणून एखादा व्हॉल्व्ह गाईडमध्ये (त्याचा दांडा ज्यात सरकतो त्या नळीत) चिकटला असण्याचीही शक्यता आहे. शिळ्या पेट्रोलचा चिकट थर दांड्यावर बसतो, व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही आणि जोर पडून पुशरॉड वाकतो. पुशरॉड काढून काचेवर गरगर फिरवून पाहा. वाकलेला लगेच उड्या मारतो. प्रत्येक पुशरॉड ज्या जागेचा त्याच जागी परत गेला पाहिजे. सकाळच्या निळ्या धुराचे कारणही बहुधा झिजलेले गाईडच असावेत, कारण रात्रभरात ऑइल तिथून झिरपून खाली उतरते. रिंगा गेल्या असत्या तर धूर चढावर आणि जोर देतानाही सतत दिसला असता.

हेड उतरवावेच लागले तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उतरवा, आणि नट बाहेरून मधल्या बाजूकडे थोडे थोडे सैल करा. गरम ॲल्युमिनियम वेडेवाकडे होते. व्हॉल्व्ह पेस्टने घासून झाल्यावर हेड उलटे ठेवा, प्लग लावा, चेंबरमध्ये रॉकेल ओता आणि पोर्ट (व्हॉल्व्हमागच्या वाटा) ओले होतात का, म्हणजे व्हॉल्व्ह गळतो का, ते पाहत थांबा. परत बसवताना नट मधून बाहेरच्या दिशेने टॉर्क पान्याने आवळावेत. काहीशे किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळल्यावर आठही फटी परत मोजल्याच पाहिजेत, कारण गॅस्केट दबले की फट कमी होते, आणि बहुतेक ठिकाणी नेमके हेच राहून जाते.

आधी कॉम्प्रेशनचे चार आकडे, तेल घातल्यानंतरचे आकडे आणि आठ फटी, एवढे मोजून इथे लिहा. त्यानंतर गाईड, सीट की रिंगा, हे पुष्कळच खात्रीने सांगता येईल.