मोबाइल वाईट हे सांगायला एमडी कशाला?

प्रश्न: डॉक्टर, माझी मुलगी एमडी पेडियाट्रिक्सच्या, म्हणजे बालरोगाच्या, शेवटच्या वर्षाला आहे. मैत्रिणी सगळ्या एनआयसीयूकडे, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूकडे, वळतायत आणि हिला मुलांवर टीव्ही-मोबाइलचा काय परिणाम होतो यावर रिसर्च करायचाय. तिचे बाबा म्हणतात, मोबाइल वाईट हे शेजारच्या आजीपण सांगतात, त्याला एमडी कशाला? असं करिअर खरंच कुणी केलंय का?
- एक आई, सांगली

उत्तर: ताई, केलंय की, आणि मस्त केलंय. बोस्टनचे डॉ. मायकल रिच. हे आधी सिनेमातले, जपानमध्ये नामवंत दिग्दर्शक अकिरा कुरोसावांचे असिस्टंट होते, मग हार्वर्डला मेडिकल करून मुलांचे डॉक्टर झाले. त्यांनी काय केलं, तर दमा असलेल्या पोरांच्या हातात व्हिडिओ कॅमेरे दिले आणि सांगितलं, तुमचं रोजचं जगणं शूट करून आणा. दवाखान्यात आजाराची हिस्टरी विचारताना जे कुणी बोललंच नव्हतं ते टेपवर दिसायला लागलं, घरातला सिगारेटचा धूर, दमा उठवणाऱ्या बाकीच्या गोष्टी. मला हे काम फार आवडतं, कारण कॅमेरा इथे मुलाच्या बाजूने आहे. पुढे २००२ साली त्यांनी बोस्टन चिल्ड्रन्स हॉस्पिटलमध्ये मीडिया आणि बालआरोग्याचं सेंटर काढलं, आणि ‘मीडियाट्रिशियन’ (मीडिया अधिक पेडियाट्रिशियन) या नावाने आईबापांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला लागले.

आता बाबांचा मुद्दा. आजी सांगतात ते बऱ्याचदा बरोबरच असतं हो, पण कुठल्या वयात, काय बघितल्यावर, किती, हे आजी कसं सांगणार? सिएटलच्या डॉ. दिमित्री ख्रिस्ताकिस आणि सहकाऱ्यांचा २००७ चा अभ्यास बघा. हजारएक कुटुंबांना फोन करून विचारलं की बाळ काय बघतं आणि किती शब्द ओळखतं. बाळांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डीव्हीडी रोज बघणाऱ्या ८ ते १६ महिन्यांच्या बाळांना, दिवसाला बघितलेल्या दर तासामागे, साधारण सहा ते आठ शब्द कमी येत होते. आणि १७ ते २४ महिन्यांच्या मुलांत मात्र तसा संबंध सापडला नाही! शिवाय यातून डीव्हीडीमुळेच शब्द कमी झाले असं सिद्ध होत नाही, कदाचित ज्या घरात बाळाशी बोलायला माणूसच मोकळा नाही तिथेच डीव्हीडी जास्त लागत असेल. ही गाठ सोडवायला शिकलेला माणूसच लागतो, आणि मुलाची वाढ कशी होते हे ज्याने रोज हाताळलंय तो असेल तर फारच उत्तम.

आपल्याकडे इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सची गाइडलाइन आहेच, दोन वर्षांखाली स्क्रीन नाही, नातेवाइकांचा अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल, दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. पण दोन खोल्यांच्या घरात आजोबांचा टीव्ही दिवसभर चालू असतो तिथे हे कसं पाळायचं, ऊसतोडीला जाणाऱ्या आईने पोराला फोन दिला तर तिला काय सांगायचं, यावर आपल्या मातीतला अभ्यास व्हायला हवा, आणि तुमच्या मुलीसारख्यांनीच तो करायला हवा असं मला मनापासून वाटतं.

तिला सांगा, एमडी नीट पूर्ण कर, मग डेव्हलपमेंटल पेडियाट्रिक्सची, म्हणजे मुलांच्या वाढ-विकासाच्या शाखेची, फेलोशिप बघ, आणि स्टॅटिस्टिक्सचा कंटाळा करू नकोस. थीसिसचा विषय अजून बदलता येत असेल तर गाइडशी याच आठवड्यात बोलायला सांगा.