आधी ती गाठ स्वतःच्या हातानं बांधून बघ

अगं, सारा कॉर्नेलच्या मृत्यूवरची तुझी स्क्रिप्ट वाचली, दोनदा वाचली. मेहनत दिसतेय त्यात, प्रश्नच नाही. पण पहिल्या दीड मिनिटातच तू सांगून टाकलंस की पाद्र्यानंच तिला मारलं, मग पुढचा अर्धा तास लोकांनी कशाला ऐकायचं? आणि तुला हे कुठनं कळलं? १८३३ मध्ये अमेरिकेतल्या न्यूपोर्टला ६ मे ते २ जून त्याच्यावर खटला चालला, दोन्ही बाजूंचे मिळून दोनशेच्या आसपास साक्षीदार झाले, माणूस निर्दोष सुटला, आणि तरीही लोकांनी त्याचे पुतळे करून फासावर लटकवले. म्हणजे ज्यांच्या डोळ्यांसमोर हे घडलं त्यांचंसुद्धा एकमत झालं नाही, आणि तू कोथरूडच्या फ्लॅटमध्ये बसून निकाल लावतेस. रागावू नकोस, मीपण तुझ्या वयात हेच करायचे. कोर्टाच्या बातम्या करायला लागल्यावर पहिली दोन वर्षं मला दर वेळी वाटायचं की आपल्याला कळलंय, मग कधीतरी उलटतपासणी नीट ऐकली आणि ती खोड गेली.

तर पहिलं काम, ती सकाळ नीट लिही. २१ डिसेंबर १८३२, जॉन डर्फी नावाचा शेतकरी आपल्या शेतात जातो आणि गवताच्या गंजीजवळच्या खांबाला लटकलेली बाई त्याला दिसते. गुडघे वाकलेले, पाय जमिनीला लागलेले, अंगावरचा झगा पुढून नीट बंद केलेला. सारा मारिया कॉर्नेल, वय तीस, मॅसॅच्युसेट्समधल्या फॉल रिव्हरच्या कापड गिरणीत काम करणारी, लग्न झालेलं नाही. तू लिहिलंयस की हे मॅसॅच्युसेट्समध्ये घडलं. आज ती जागा मॅसॅच्युसेट्समध्ये आहे हे खरं, पण तेव्हा डर्फीचं शेत ऱ्होड आयलंडच्या टिव्हर्टन गावात होतं, हद्द बदलली १८६२ मध्ये. हे बारीक वाटेल, पण गाव एका राज्यात आणि प्रेत दुसऱ्या राज्यात असलं की तपास कुणी करायचा, खटला कुठं चालवायचा, सगळंच त्यावर ठरतं, म्हणून ते सोडू नकोस.

पहिल्या पंचनाम्यात आत्महत्या म्हणून ठरलं आणि तिला पुरलंसुद्धा. मग तिच्या सामानात चिठ्ठी सापडली, २० डिसेंबरची, की मी सापडले नाही तर ब्रिस्टलच्या रेव्हरंड एव्हरींना विचारा, मी कुठं आहे ते त्यांना माहीत असेल. हा एफ्रेम एव्हरी मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा पाद्री, लग्न झालेला, मुलंबाळं असलेला. आधी लोवेलला होता, तिथं ही त्याच्याच चर्चमध्ये होती आणि तिथनंच तिला वाईट चालीची म्हणून काढलं होतं. मग प्रेत पुन्हा उकरलं, तपासलं, आणि पोटात मुलीचा गर्भ होता हे सगळ्या गावाला कळलं. डॉक्टर विल्बरना मात्र ते आधीच माहीत होतं, ती स्वतःच त्यांच्याकडं गेली होती. तिनं त्यांना विचारलं की टॅन्सीच्या, म्हणजे गर्भ पाडायला वापरायच्या एका वनस्पतीच्या, तेलाचे तीस थेंब घेतले तर चालतील का, एव्हरीनं तसं सांगितलंय. डॉक्टर म्हणाले तेवढं घेतलंस तर मरशील. तिनं घेतलं नाही. हा प्रसंग तू एका वाक्यात उडवलायस आणि मला तो अख्ख्या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण जिला मरायचंच आहे ती बाई कितीनं मरेन हे डॉक्टरला विचारून मग ती बाटली बाजूला ठेवत नाही. अर्थात मधल्या काळात माणसाचं मन बदलूही शकतं, बचाव पक्षाच्या जागी मी असते तर तेच म्हणाले असते.

आता पुराव्यांचं सांगते. तू त्यांची यादी केलीयस, एक दोन तीन चार. यादी करू नकोस, प्रत्येक पुरावा दोन्ही बाजूंनी फिरवून बघ. पोटातल्या गर्भाचंच घे. सरकारी बाजूचं म्हणणं असं की कनेक्टिकटमधल्या थॉम्पसनला ऑगस्टच्या शेवटी मेथडिस्ट लोकांचा कॅम्प भरला, म्हणजे तंबू ठोकून चार-पाच दिवस प्रवचनं, प्रार्थना, रडणं, तिथंच एव्हरीपासून तिला दिवस गेले. ३० ऑगस्ट ते २० डिसेंबर मोज, ११२ दिवस होतात. बचाव पक्षानं डॉक्टर उभे केले, बोस्टनचे वॉल्टर चॅनिंग त्यात होते, आणि वाद लावला की एवढ्या दिवसांत गर्भ एवढा वाढतो का, म्हणजे ती कॅम्पच्या आधीच गरोदर असणार. बिनलग्नाच्या बाईचं पोट असं भर कोर्टात इंचांनी मोजलं जात होतं. मला हे वाचताना कसंतरीच झालं, पण वाद बिनबुडाचा होता असं म्हणता येत नाही, त्या काळी डॉक्टरांनाच त्या मोजमापाचा भरवसा नव्हता.

पत्रांचंही तसंच. साराला आलेली पिवळ्या, गुलाबी आणि पांढऱ्या कागदावरची तीन पत्रं, एव्हरीच्या नावाची सही नाही. त्यातलं गुलाबी पत्र स्टीमबोटवरच्या एका इंजिनिअरनं आणून दिलेलं, आणि ते माझ्या हातात एव्हरीनंच दिलं असं त्यानं शपथेवर सांगितलं. आता एव्हरी २० डिसेंबरच्या संध्याकाळी कुठं होता? तो म्हणतो मी फेरीनं बेटावर गेलो, कोळशाच्या खाणी बघायच्या होत्या, फिरलो. डिसेंबरच्या थंडीत! आणि त्याला त्या वेळात नक्की बघितलं असं ठामपणे सांगणारा कुणी मिळाला नाही. रात्री उशिरा परत फेरीवर आला, बोट मिळाली नाही, फेरीवाल्याच्याच घरी झोपला. जानेवारीत ब्रिस्टलच्या न्यायाधीशांनी त्याला सोडलं तर हा गायब, न्यू हॅम्पशायरमधल्या रिंजला जाऊन लपला, तिथनं शोधून आणावा लागला. हे सगळं त्याच्या विरोधात जातं, मान्य, पण पळालेला प्रत्येक माणूस खुनी असतो असं धरलं तर आपली निम्मी जिल्हा न्यायालयं उद्या बंद करावी लागतील.

आणि एक बघ, दोन्ही बाजूंच्या मागं पैसा होता. फॉल रिव्हरच्या गिरण्यांना खेड्यापाड्यांतल्या पोरी कामाला हव्या होत्या, आमच्याकडं पोरी सुरक्षित आहेत हे त्यांना दाखवायचं होतं, म्हणून गावातली कमिटी पाद्र्याच्या मागं लागली. मेथडिस्टांना आपला पंथ वाचवायचा होता, त्यांनी बचावाचा खर्च उचलला आणि जेरेमाया मेसनसारखा माजी सिनेटर वकील म्हणून आणला. एकाला सारा भोळी गरीब गाय हवी होती आणि दुसऱ्याला चवचाल, चोरटी, डोकं फिरलेली. बचाव पक्षानं तिच्या प्रत्येक गिरणीतले, प्रत्येक बोर्डिंगमधले लोक गोळा करून आणले आणि दिवसचे दिवस तिच्या चालीवर साक्षी झाल्या. तुझ्या स्क्रिप्टमधलं 'साराची पार्श्वभूमी' हे सेक्शन जवळपास सगळं तिथनंच आलंय, तुला ते जाणवलंही नसेल. ती तिची पार्श्वभूमी नाही गं, तो बचाव आहे. तिनं आईला, बहिणीला लिहिलेली पत्रं कॅथरिन विल्यम्स या बाईंनी त्याच काळात छापली, ती आधी वाच. विल्यम्सबाईंचाही कॅम्पवर राग आहे, ते धरूनच वाच, पण निदान तिथं सारा स्वतः बोलते. कोर्टात ती बोलू शकत नव्हती. आणि एव्हरीही बोलू शकत नव्हता, कारण तेव्हा आरोपीला शपथेवर साक्ष द्यायची परवानगीच नव्हती. ज्या दोघांना खरं माहीत होतं ते सोडून बाकी सगळे बोलले.

ज्या बायकांनी तिला पुरायच्या आधी अंघोळ घातली त्यांच्या साक्षीही काढ. अंगावरचे वळ त्यांनी बघितले होते, आणि पुरुषांनी भरलेल्या कोर्टात ते सांगताना त्या किती अवघडल्या असतील ते शब्दाशब्दांत कळतं. तुझ्या स्क्रिप्टमध्ये त्या बायकाच नाहीत.

सुटल्यावर एव्हरीचं काय झालं तेवढं दोन वाक्यांत आटप, लोकांनी जगू दिलं नाही, पाद्रीपण सोडलं, ओहायोत शेती केली, १८६९ मध्ये गेला.

शेवटी तिच्या गळ्यातल्या दोरीची ती गाठ. तू लिहिलंयस 'एक विशिष्ट प्रकारची गाठ'. म्हणजे काय? ती क्लोव्ह हिच होती. सरकारी वकील म्हणाले ही गाठ दोन्ही टोकं दोन बाजूंना ओढल्याशिवाय आवळत नाही, म्हणून स्वतःला फास लावायला कुणी ती वापरणार नाही. बचाव म्हणाला गिरणीत माग दुरुस्त करताना हीच गाठ मारतात, तिच्या हाताला ती सवयीची होती. एक बुटाची लेस घे, खुर्चीच्या पायाला दोन वेढे दे, दुसऱ्या वेढ्याखालनं टोक काढ. मग एकच टोक खाली खेच आणि बघ काय होतं, नंतर दोन्ही टोकं आडवी ओढून बघ. माणसाच्या गळ्यावर नको हं, स्वतःच्यासुद्धा नको, खुर्चीच बास. काय झालं ते मला फोनवर सांगू नकोस, लिहून पाठव, आणि स्क्रिप्ट तिथनं सुरू कर.

तुझी,
ताई