सियामचे अभ्यासक झालेले अमेरिकन मिशनरी केनेथ लँडन यांच्या कौटुंबिक कागदपत्रांना एवढे महत्त्व का दिले जाते? मिशनऱ्याच्या घरची पत्रे इतिहासाचा पुरावा ठरू शकतात का?

ठरू शकतात. मात्र त्या पत्रांत काय आहे याइतकेच त्यांतून काय गाळले गेले हेही तपासावे लागते, आणि त्याचे सर्वांत ठळक उदाहरण लँडन दांपत्याच्याच संग्रहात आहे. मी अहमदनगरचा (आताचे अहिल्यानगर). या प्रकरणाचा आमच्या गावाशी थेट संबंध आहे आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

लँडन यांचा परिचय थोडक्यात असा. जन्म १९०३, पेन्सिल्व्हेनिया. प्रिन्स्टन येथे धर्मशास्त्राचे शिक्षण पूर्ण करून १९२७ मध्ये ते पत्नी मार्गारेट यांच्यासह प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे सियामला, म्हणजे आजच्या थायलंडला गेले. तेथील दहा वर्षांपैकी बराच काळ दक्षिणेकडील त्रांग या गावी गेला. थाई भाषा अवगत झाली, चिनी वस्तीत ऊठबस झाली, आणि परतल्यावर शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट, अर्लहॅम महाविद्यालयात तत्त्वज्ञानाचे अध्यापन, १९३९ मध्ये सियाममधील स्थित्यंतरांवर आणि १९४१ मध्ये तेथील चिनी समाजावर ग्रंथ, असा त्यांचा प्रवास झाला. १९४१ मध्येच सरकारने त्यांना वॉशिंग्टनला बोलावले. तेथे सियामविषयीची फाइल मागवून पाहिली तर तिच्यात आपलेच काही लेख तेवढे निघाले, असे ते पुढे सांगत असत. नंतर परराष्ट्र खात्यात असताना १९४६ च्या आरंभी त्यांनी हनोईत व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांची भेट घेतली, आणि निवृत्तीनंतर अमेरिकन युनिव्हर्सिटीत ते पुन्हा प्राध्यापक झाले. मिशनरी होता म्हणून त्याचे संशोधन पूर्वग्रहदूषितच असणार, असे न वाचताच म्हणणाऱ्यांना मी आळशी समजतो. ज्या गावांत अन्य कोणी अभ्यासक फिरकलाही नव्हता, तेथे हा माणूस बाजारात आणि घराघरांत बसून लोकांशी त्यांच्या भाषेत बोलत होता.

आता नगरचा संबंध. सियाममध्ये असताना मार्गारेट यांना एका मिशनरी डॉक्टरांनी ॲना लिओनोवेन्स हिचे जुने पुस्तक वाचायला दिले. ही ॲना १८६२ ते १८६७ या काळात राजा मोंगकुट यांच्या दरबारी राजघराण्यातील मुलांची शिक्षिका होती. पुढे तिच्या नातीने जपलेले कौटुंबिक कागद मार्गारेट यांच्या हाती आले आणि १९४४ मध्ये ‘ॲना अँड द किंग ऑफ सियाम’ हे पुस्तक निघाले, ज्यावरून संगीतिका आणि चित्रपट झाले. त्या कागदांप्रमाणे ॲना १८३४ मध्ये वेल्समधील कार्नार्व्हन येथे जन्मली होती आणि तिचा नवरा सैन्यात मेजर होता. मार्गारेट यांनी ते खरे धरले. घरच्या माणसांनी श्रद्धेने जपलेल्या कागदांवर अविश्वास दाखवण्याचे त्यांना कारणही नव्हते.

प्रत्यक्षात ॲना १८३१ मध्ये अहमदनगर येथे जन्मली होती. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत सार्जंट होते आणि तिच्या जन्मापूर्वीच वारले होते. आईकडून ती बहुधा मिश्रवंशीय होती. तिचे लग्न १८४९ च्या नाताळच्या दिवशी पुण्यात झाले आणि नवरा साधा कारकून होता. हे सारे १९७० च्या दशकात उजेडात आणले ते ब्रिस्टो नावाच्या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने, ज्याचा मूळ विषय जाळे विणणारे कोळी हा होता. तो ॲनाच्या मुलाचे चरित्र लिहीत होता. ॲनाने सांगितल्याप्रमाणे लंडनमध्ये त्या मुलाच्या जन्माची नोंद मिळेना, तेव्हा त्याने इंडिया ऑफिसचे, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या भारतविषयक खात्याचे, लंडनमधील दफ्तर पाहिले. इलाख्यांतील चर्चमधल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला तेथे नियमाने पाठवल्या जात असत. घरच्या मंडळींनी जे पुसले होते ते एका अनोळखी कारकुनाने उतरवून ठेवले होते.

हे वाचले तेव्हा मला आमच्या घरातला वाद आठवला, जो आजतागायत मिटलेला नाही. माझे आजोबा नगर जिल्ह्यातील एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. आजी गेल्यानंतर तिची पत्र्याची ट्रंक उघडली, तेव्हा आजोबांची पत्रे सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांत निघाली. थोरल्या काकांनी ती निवडायला घेतली. प्रशस्तिपत्रे, नाताळच्या शुभेच्छा, एका साहेबाने केलेली स्तुती एका बाजूला आणि बाकीचे अंघोळीच्या बंबात, असा क्रम सुरू झाला. मी अडवले तर म्हणाले, “घरची लक्तरे वेशीवर टांगायची नाहीत.” त्यांच्या हातून मी एक पोस्टकार्ड काढून घेतले, ते अजून माझ्यापाशी आहे. जांभळ्या पेन्सिलीचे बारीक अक्षर, जागा संपल्यावर कडेने आडवे लिहीत गेलेले: पगार थकला आहे, वाणी उधारी देत नाही, धाकट्याला खोकला आहे, पण हे साहेबांच्या कानी जाता कामा नये.

काकांना त्यात बेअब्रू दिसली. मला त्यात मिशनच्या शाळेतला देशी मास्तर प्रत्यक्ष कसा जगत होता, हे दिसते. चौकटीत लावलेल्या प्रशस्तिपत्रात त्यातले एक अक्षरही नाही. काकांनी जे केले तेच ॲनाने स्वतःच्या बाबतीत केले होते, फरक एवढाच की तिला ते करणे भाग होते: मिश्रवंशीय आणि शिपायाच्या घरची म्हणून ओळख पटली असती, तर त्या काळच्या गोऱ्या समाजात तिला शिक्षिकेची जागा मिळणे कठीण होते. काकांवर अशी कोणतीही वेळ आलेली नव्हती.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की कुटुंबाने आपल्या कागदांची निवड करूच नये. गठ्ठे ज्या क्रमाने बांधलेले असतील त्याच क्रमाने ग्रंथालयाकडे सोपवावेत. केनेथ आणि मार्गारेट यांचे कागद इलिनॉयमधील व्हीटन महाविद्यालयात आहेत, आणि त्यांत ॲनाच्या नातीकडून आलेली सामग्रीही आहे. ती चुकीच्या माहितीसकट टिकली म्हणूनच आज आपल्याला दफ्तरातील नोंदींशी ती ताडून पाहता येते आणि ॲनाने काय लपवले, कोठे लपवले हे ओळीओळीने दाखवता येते. लँडन यांच्या मुलाने आईवडिलांच्या प्रदीर्घ मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवल्या, हेही मला मोठे काम वाटते.

दोन गोष्टी मात्र सांगायला हव्यात. हयात माणसांचे आजार, घटस्फोट किंवा दत्तकविधान यांविषयीची पत्रे काही वर्षे मोहोरबंद ठेवण्याची अट घालता येते आणि ती जरूर घालावी; तसे केल्याने जाळण्याचे निमित्तच उरत नाही. शिवाय, केवळ घरच्या पत्रांवरून जन्मस्थळ, हुद्दा किंवा मिळकत कधीही निश्चित धरू नये; चर्चची नोंदवही, पगारपत्रक किंवा महसुली दफ्तर यांपैकी निदान एकाशी ती ताडावी. आमच्या काकांचे चिरंजीव आता उरलेली प्रशस्तिपत्रे छापून आजोबांची स्मरणिका काढणार आहेत. ते पोस्टकार्ड तिच्यात जसेच्या तसे जाणार नसेल, तर एकही कागद मी त्यांना देणार नाही, असे त्यांना कळवले आहे.