आधी पॅनेल, मग बॅटरी

कॅम्परव्हॅनच्या छतावरचं सोलर बंद कसं करायचं आणि सोडवायचं कसं, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत. पत्रांत ‘गाडीची बॅटरी’ म्हणजे इंजिन चालू करणारी आणि ‘घराची बॅटरी’ म्हणजे मागे दिवे-पंखे-फ्रिज चालवणारी, हा फरक उत्तरांतही पाळला आहे.

प्रश्न : छतावर २०० वॅटची दोन पॅनेलं सिरीजमध्ये आहेत. आत ३० अँपिअरचा एमपीपीटी कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला सोसेल अशी करून देणारा डबा), १२ व्होल्ट २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी आणि २००० वॅटचा इन्व्हर्टर. जून ते सप्टेंबर गाडी शेडमध्ये उभी राहणार. सगळं बंद करायचं तर हात आधी कुठे घालायचा? (एक वाचक, पुणे)

छताकडून सुरुवात करा, बॅटरी सगळ्यात शेवटी. कारण साधं आहे. पॅनेलला बंद करायचं बटण नसतं. उजेड पडला की त्याच्या दोन टोकांत व्होल्टेज असतंच, मग आभाळ भरलेलं का असेना. तुमची दोन पॅनेलं मिळून मोकळ्या टोकांवर ४८ व्होल्टच्या आसपास देत असणार, थंडीच्या पहाटे आणखी दोन-तीन व्होल्ट जास्त. कंट्रोलर मात्र जगतो बॅटरीवर. स्वतःला लागणारी वीज, १२ व्होल्टची सिस्टीम आहे की २४ची याची ओळख, चार्जिंग कुठे थांबवायचं याचा अंदाज, हे सगळं तो बॅटरीच्या टर्मिनलवरून घेतो. बॅटरी आधी काढली तर मागून वीज येतच राहते आणि पुढे ती घेणारं कोणी नसतं.

प्रत्यक्ष काम असं. बाहेरच्या २३० व्होल्टची केबल काढा, इंजिन बंद करा. डीसी-डीसी चार्जर असेल तर इंजिन चालू असताना घराची बॅटरी तिकडूनही चार्ज होत असते, हे विसरलं जातं. मग फ्रिज, पंखा, पाण्याचा पंप बंद. इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा, तोही त्यावरची उपकरणं बंद केल्यावर.

आता पॅनेल आणि कंट्रोलर यांच्यामधला डीसी आयसोलेटर, म्हणजे सोलरची वायर तोडणारा खटका, खाली पाडा. डिस्प्लेवर सोलरचा करंट शून्य झाला का पाहा, आणि डिस्प्लेवर विसंबू नका: कंट्रोलरच्या सोलर टर्मिनलवर मल्टिमीटर लावून व्होल्टेज पडल्याची खात्री करा. एक गोष्ट ध्यानात असू द्या. आयसोलेटर बंद झाला तरी छतापासून आयसोलेटरपर्यंतची वायर जिवंतच असते. त्या तुकड्यावर काम करायचं असेल तर ते अंधार पडल्यावर, किंवा पॅनेल जाड गोधडीने काठापासून काठापर्यंत झाकून. पातळ चादर किंवा अर्धवट झाकण चालत नाही.

त्यानंतर कंट्रोलर आणि बॅटरी यांच्यामधला फ्यूज काढा. ३० अँपिअरच्या कंट्रोलरला तो बहुधा ४० अँपिअरचा असतो. मग बॅटरीचा मेन स्विच. चार महिने गाडीला हात लावणार नसाल तर बॅटरीची निगेटिव्ह केबलही काढा. निगेटिव्ह आधी, कारण बहुतेक गाड्यांत निगेटिव्ह बॉडीला जोडलेली असते. पॉझिटिव्हच्या नटावर पाना असताना त्याचं दुसरं टोक पत्र्याला लागलं तर पाना वितळेपर्यंत करंट जातो. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरं, पण लिथियम बॅटरी शॉर्ट झाली की हजाराच्या वर अँपिअर सोडू शकते. त्यामुळे हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ आधी काढून ठेवा. गळ्यातली साखळी किंवा मंगळसूत्र खाली वाकताना लोंबतं, तेही. एम-८ बोल्टला १३चा पाना लागतो. त्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेपचे तीन-चार वेढे मारले तरी पुष्कळ. सुटलेल्या थिंबलवरही (केबलच्या टोकाच्या धातूच्या कानावर) टेप गुंडाळा आणि केबल अशी बांधा की ती आपोआप टर्मिनलकडे वळणार नाही.

बॅटरी मॉनिटरचा शंट (निगेटिव्ह केबलमध्ये बसवलेला, करंट मोजणारा तुकडा) असेल तर फक्त बॅटरी ते शंट हीच केबल काढायची, पलीकडच्या तशाच राहू द्या. पण एखादी बारीक काळी वायर शंट टाळून थेट बॅटरीला लावलेली सापडते, जीपीएस ट्रॅकरची किंवा कंट्रोलरचीच. ती राहिली तर तुमचं ‘सगळं बंद’ खरं सगळं नाही.

फ्यूज काढायचा आग्रह का, याचा हिशेब बघा. एमपीपीटी कंट्रोलर नुसता जागा राहायला ३० मिलिअँपिअरपर्यंत घेऊ शकतो. दिवसाचे ०.७२ अँपिअर-अवर, महिन्याचे जवळपास २२, चार महिन्यांचे ८६. शेडमध्ये उजेड नाही, म्हणजे भरून निघणार काही नाही. तुम्ही बॅटरी निम्म्यावर ठेवून गेलात, म्हणजे तिच्यात १०० अँपिअर-अवर आहेत, तर पावसाळा संपेपर्यंत ती तळाला जाईल. लिथियम निम्म्याच्या थोडं वर ठेवणं मात्र बरोबरच आहे. पूर्ण भरून महिनोन्‌महिने उकाड्यात ठेवली की तिचं आयुष्य घटतं. निम्मी झाली का हे मॉनिटरवर पाहा, व्होल्टेजवर नको. या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात फारसं हलत नाही.

सप्टेंबरअखेर जोडताना क्रम बरोबर उलटा. पॉझिटिव्ह (काढली असेल तर), मग निगेटिव्ह, मेन स्विच, कंट्रोलरचा फ्यूज. डिस्प्लेवर १२ व्होल्टची सिस्टीम ओळखली गेल्याचं दिसलं की मग आयसोलेटर चालू करा. जोडताना इन्व्हर्टरच्या बाजूला ‘फट्’ करून ठिणगी उडते. आतले कपॅसिटर एकदम भरतात त्याची ती. बटण बंद असलं तरी उडते. टाळायची असेल तर मेन स्विच बंद असताना त्याच्या दोन टोकांत २५ ते ५० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर काही सेकंद धरा, मग स्विच फिरवा. काढल्यावरही इन्व्हर्टरच्या टर्मिनलला निदान पाच मिनिटं हात लावू नका.

प्रश्न : आमच्या इलेक्ट्रिशियनने सोलरच्या वायरवर घरात असतो तसा ३२ अँपिअरचा एमसीबी बसवला. ‘एमसीबी तो एमसीबी’ असं त्याचं म्हणणं. चालेल का? (एक वाचक, नाशिक)

नाही. चालू करायला चालेल, बंद करायला नाही, आणि बसवला आहे बंद करण्यासाठीच. घरातला ५० हर्ट्झचा एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावरून जातो, त्यामुळे खटका उघडताना पडलेली ठिणगी आपसूक विझते. डीसी शून्यावर येतच नाही. संपर्क दूर झाले तरी मधला जाळ टिकतो, आणि प्लॅस्टिकचा डबा आतून जळायला लागतो. बाहेरून मात्र खटका खाली दिसतो.

डीसी एमसीबी घ्या आणि घेताना त्यावर + आणि − छापलं आहे का ते बघा. छापलं असेल तर तो एकाच दिशेचा आहे. आत जाळ ओढून घ्यायला चुंबक असतो, उलटा जोडला की तोच चुंबक जाळ चुकीच्या बाजूला ढकलतो. असे उलटे बसवलेले एमसीबी चालू स्थितीत वर्षभर तक्रार करत नाहीत, पहिल्यांदा भर उन्हात पाडले की पेटू शकतात. दुकानात ‘नॉन-पोलराइज्ड, दोन पोल’ असं स्पष्ट मागा. मापासाठी पॅनेलच्या मागच्या स्टिकरवरचा शॉर्ट-सर्किट करंट घ्या आणि त्याला १.५६ ने गुणा. १०.६ अँपिअर असेल तर साडेसोळा येतात, म्हणजे २० अँपिअरचा. पॅनेलं पॅरलल असतील तर आधी त्यांचे करंट मिळवा.

आहे तो एमसीबी बदलेपर्यंत उन्हात हाताळू नका. बंद करायचाच असेल तर सूर्य मावळल्यावर.

प्रश्न : आमच्या आरव्हीचा (राहण्याची सोय असलेल्या गाडीचा) ‘बॅटरी डिस्कनेक्ट’ स्विच बंद केला तरी सोलरच्या डिस्प्लेवर १३.६ व्होल्ट दिसतात. स्विच खराब आहे का? हिवाळ्यात गाडी उघड्यावर उभी असते, तापमान शून्याखाली वीसपर्यंत जातं. (एक वाचक, मिनेसोटा, अमेरिका)

स्विच बहुधा ठीक आहे. बऱ्याच अमेरिकन आरव्हींत तो स्विच फक्त घरातली उपकरणं तोडतो. सोलर कंट्रोलर त्या स्विचच्या अलीकडे थेट बॅटरीला जोडलेला असतो, गाडी उभी असताना बॅटरी भरती राहावी म्हणून. खात्री करायची तर स्विच बंद ठेवून कंट्रोलरच्या पॉझिटिव्ह वायरचा माग काढा. ती बॅटरीच्या खांबावर किंवा स्विचच्या बॅटरीकडच्या बोल्टवर पोचेल.

आता हे चांगलं की वाईट, हे बॅटरीवर आहे. लेड-अ‍ॅसिड असेल तर सोलर तोडूच नका. पूर्ण भरलेली लेड-अ‍ॅसिड मिनेसोटाच्या थंडीतही गोठत नाही. उतरलेली मात्र शून्याखाली सात-आठ अंशांतच गोठते आणि डबा फुटतो. अडचण एवढीच की पॅनेलवर बर्फ साचला की चार्जिंग थांबतं, आणि गॅस डिटेक्टरसारखी उपकरणं स्विच टाळून जोडलेली असतात. १०० मिलिअँपिअर घेणारा डिटेक्टर १०० अँपिअर-अवरची बॅटरी ४१ दिवसांत रिकामी करतो. पॅनेलवर बर्फ साचणार नाही याची खात्री नसेल तर सोलरच्या भरवशावर न राहता बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि वर सांगितल्याप्रमाणे आधी पॅनेल, मग निगेटिव्ह सोडवा.

लिथियम असेल तर उलट: सोलर तोडाच. शून्याखाली चार्ज केली की आत धातूचं लिथियम साचतं आणि ते परत निघत नाही. चांगला बीएमएस (बॅटरीच्या आतला राखणदार सर्किट) शून्याला चार्जिंग अडवतो, स्वस्तातले सगळेच अडवत नाहीत. फेब्रुवारीत लख्ख ऊन आणि उणे पंधरा अंश, हा दिवस त्यासाठी सगळ्यात वाईट.

प्रश्न : गॅरेजवाल्याने दुपारी गाडीचं दुसरं काम करताना घराची बॅटरी उचलून बाहेर ठेवली. संध्याकाळी एलईडी पट्ट्या काळ्या पडलेल्या. बॅटरीच नव्हती तर दिवे जळाले कशाने? (एक वाचक, कोल्हापूर)

उन्हाने. बॅटरी गेली, पण कंट्रोलर आणि दिवे बसबारवर (सगळ्या वायरी एकत्र येतात त्या धातूच्या पट्टीवर) एकमेकांना जोडलेलेच राहिले. साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे पॅनेल आणि बॅटरीमधला एक वेगवान खटका. पॅनेलला १२-१४ व्होल्टवर खाली धरून ठेवते ती बॅटरी. ती निघाली की बसबारवर २० व्होल्टच्या घरात जाऊ शकतं. १२ व्होल्टच्या पट्टीत तीन एलईडी मिळून साधारण ९ व्होल्ट खातात, उरलेले ३ शेजारच्या इवल्याशा रेझिस्टरवर पडतात. २० आले की त्याच रेझिस्टरवर ११ पडतात, करंट साडेतीन पटींच्या वर आणि उष्णता तेरा-चौदा पट. काळे डाग नेमके रेझिस्टरपाशी असतील, बघा.

एमपीपीटीमध्ये हा धोका कमी, पण भर चार्जिंगमध्ये बॅटरी एकाएकी निघाली तर क्षणभर उसळी येऊ शकते. लिथियमचा बीएमएस आतून बॅटरी तोडतो तेव्हाही हेच घडतं, बाहेरून कोणी हात न लावता.

नवे दिवे लावण्याआधी कंट्रोलर तपासा: फक्त बॅटरी जोडून तो ती ओळखतो का, मग सोलर जोडल्यावर काही मिनिटांत व्होल्टेज १४.४-१४.६च्या वर पळत नाही ना. पंप आणि फ्रिजचं कंट्रोल बोर्डही बघून घ्या. आणि बॅटरीच्या झाकणावर जाड मार्करने लिहा : ‘छतावर सोलर आहे. आधी लाल आयसोलेटर बंद.’ मेकॅनिकची यात फारशी चूक नाही, साध्या गाडीत बॅटरी काढली की वीज गेली असंच त्याला माहीत असतं. चॅसिसवर वेल्डिंग असेल तर आयसोलेटर, कंट्रोलरचा फ्यूज आणि दोन्ही बॅटऱ्यांच्या निगेटिव्ह, सगळंच सोडवून गाडी द्या.

प्रश्न : आयसोलेटर नाहीच. एमसी-४ कनेक्टर (पॅनेलच्या वायरी जोडणारा खटक्याचा प्लग) ओढून काढला तर? आणि घडीचं पॅनेल जमिनीवर ठेवून लावतो, ते कुठून काढायचं? (एक वाचक, मडगाव)

एमसी-४ करंट चालू असताना ओढायचा नसतो. अनेक कनेक्टरांवर तसं छापलेलंही असतं. पॅनेल झाका, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर वायरभोवती लावून करंट शून्य दिसू द्या, मग एमसी-४च्या प्लॅस्टिक चाव्यांनी दोन्ही खटके दाबून सोडवा. पकडीने दाबले तर खटके तुटतात आणि पुढच्या प्रवासात जोड सैल होऊन तापतो. सुटलेल्या तोंडांवर टोप्या घाला. गोव्याच्या खाऱ्या हवेत पिना हिरव्या पडायला लागतात. पॅनेलची दोन टोकं चुकून एकमेकांना लागली तर घाबरू नका, पॅनेल त्याच्या शॉर्ट-सर्किट करंटपुरतंच देतं आणि तेवढं सोसतं. ती उन्हात झटकन वेगळी करू नका, जाळ तेव्हा पडतो. आधी झाका.

घडीचं पॅनेल आधी उलटं, तोंड जमिनीकडे करून ठेवा. मग कंट्रोलर कुठे आहे ते पाहा. गाडीत असेल तर पॅनेलच्या वायरचा प्लग काढला की झालं. कंट्रोलर पॅनेलच्याच पाठीवर असेल तर प्लग निघतो तो बॅटरीच्या बाजूचा, म्हणून पॅनेल उलटं केल्याशिवाय त्याला हात लावू नका.